हे दोघं आत्ताच्या आत्ता एकत्र का येऊ शकत नाहीत? रोमान्स कादंबरी वाचायची आणि तिला मार्क द्यायची माझी पद्धत

रोमान्स कादंबरी हातात घेतली की पहिल्या पन्नासेक पानांत मी हाच प्रश्न विचारते आणि उत्तर एका वाक्यात लिहून ठेवते, पुस्तक स्वतःचं असेल तर मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने, लायब्ररीचं असेल तर चिठ्ठीवर. "तिला तो गर्विष्ठ वाटतो." "त्याच्या भावामुळे तिच्या वडिलांचा धंदा बुडाला." "तिला पुन्हा कुणावर अवलंबून राहायचं नाहीये." असं काहीतरी. वाक्य लिहिता आलं तर पुस्तकाला कणा आहे. शंभर पानं झाली तरी लिहिता येत नसेल आणि दोघं नुसते एकमेकांच्या डोळ्यांत बघत असतील तर पुढे बहुतेक वेळा गडबडच निघते.

"शेवट माहीतच असतो, मग वाचायचं काय" असं म्हणणारे खूप भेटतात. हो, माहीत असतो. रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या लेखकांच्या संघटनेने व्याख्याच तशी केलीये, प्रेमकथा मध्यवर्ती हवी आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशा ठेवणारा हवा. वाचक त्याला एचईए म्हणतात, म्हणजे कायमचं सुख, किंवा एचएफएन, म्हणजे निदान आत्तापुरतं तरी सुख. त्यामुळे गोड शेवटाचे मार्क कापायचे नाहीत, डिटेक्टिव्ह कादंबरीत खुनी सापडला म्हणून आपण कापतो का? बघायचं ते एवढंच की हा शेवट या दोघांनी कमावलाय की त्यांना आयता मिळालाय. आणि शेवटी दोघांपैकी एकजण गेला किंवा वाटा वेगळ्या झाल्या तर ती सुंदर प्रेमकथा असू शकते, पण तिला रोमान्सच्या तराजूत घालू नका, तो तिच्यावरही अन्याय आहे.

पामेला रेजिस नावाच्या अभ्यासक आहेत, त्यांनी २००३ च्या पुस्तकात रोमान्सचे आठ अत्यावश्यक घटक मांडलेत. भेट, आकर्षण, प्रेमाची कबुली वगैरे त्यात आहेतच, पण मार्क देताना मला तीनच सगळ्यात उपयोगी पडतात. एक अडथळा. दुसरा, सगळं संपलं असं वाटायला लावणारा क्षण. आणि तिसरी, ज्याने अडथळा सुटतो ती उमज. ही उमज नीट बघायची असेल तर जेन ऑस्टेनची १८१३ सालची प्राइड अँड प्रेज्युडिस काढा. ६१ प्रकरणांपैकी ३४ व्या प्रकरणात नायक डार्सी मागणी घालतो आणि नायिका एलिझाबेथ त्याला धुडकावून लावते, पुढच्या प्रकरणात तो पत्र देतो आणि ३६ व्यात ती ते पत्र पुन्हा पुन्हा वाचते, आधी रागाने, मग हळूहळू तिच्या लक्षात येतं की आपण माणूस ओळखायलाच चुकलो. तिथे बाहेर काहीच घडत नाही हो, एक बाई पत्र वाचत असते, पण अडथळ्याची पहिली वीट तिथे निखळते. कुठलीही रोमान्स वाचताना अशी जागा शोधा आणि तिथे पेन्सिलची खूण करा. अडथळा कुणी हलवला? दोघांपैकी कुणीतरी बदललं म्हणून तो हलला, की आजोबांचं मृत्युपत्र सापडलं, व्हिलन घोड्यावरून पडून मेला, आणि झालं लग्न? दुसरा प्रकार असेल तर भाषा कितीही छान असू दे, माझे मार्क कमीच होतात.

आता सबजॉनर, म्हणजे रोमान्सचे उपप्रकार. इथे सगळ्यात जास्त अन्याय होतो, कारण आपण आपल्या आवडत्या प्रकाराचा गज घेऊन बाकीच्यांना मोजायला जातो. मी स्वतः हे केलंय. सलग दोन महिने जाडजूड हिस्टॉरिकल वाचून झाल्यावर एक मिल्स अँड बून हातात घेतलं आणि "वरवरचं आहे" म्हणून बाजूला टाकलं. मिल्स अँड बून ही १९०८ ची लंडनची कंपनी, १९७१ मध्ये कॅनडाच्या हार्लेक्विनने घेतली, त्यांच्या मॉडर्न या लाइनची पुस्तकं साधारण ५०,००० शब्दांची असतात. तेवढ्या जागेत साइड कॅरेक्टर, गाव, इतिहास मावणारच नाही, मावायलाही नको. अशा पुस्तकात बघायचं ते हे की दुसऱ्या-तिसऱ्या पानावर दोघं समोरासमोर येतात का आणि मग जवळजवळ प्रत्येक सीनमध्ये त्यांच्यातलं काहीतरी इकडचं तिकडे होतं का. ते पुस्तक मी नंतर पुन्हा वाचलं आणि मार्क बदलले.

हिस्टॉरिकलमध्ये अडथळा बहुतेक वेळा कायदा आणि समाजातून येतो, म्हणून तो काळ थोडा माहीत असला की परीक्षण एकदम सोपं होतं. रीजन्सी म्हणजे इंग्लंडमधली १८११ ते १८२० एवढीच नऊ वर्षं, जॉर्जेट हेयर यांनी १९३५ पासून त्यावर लिहून हा प्रकार रुळवला. आता ग्रेटना ग्रीनचं बघा, सीमेलगतचं स्कॉटलंडमधलं गाव. १७५३ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये २१ वर्षांखालच्या मुलामुलींना लायसन्सवर (चर्चच्या परवान्यावर) लग्न करायचं तर वडिलांची संमती लागायची, स्कॉटलंडला तो कायदा लागू नव्हता, म्हणून जोडपी सीमेपलीकडे पळायची. मग हिरॉईन पंचवीस वर्षांची, हिरो तीसचा, आणि तरी दोघं "आपल्याला कायद्याने लग्नच करता येत नाही" म्हणत रात्रीतून बग्गी पिटाळतायत तर लेखिकेला विचारा, का बाई? तसंच घटस्फोट. १८५७ च्या आधी इंग्लंडमध्ये पूर्ण घटस्फोट हवा, म्हणजे पुन्हा लग्न करता येईल असा, तर पार्लमेंटचा स्वतंत्र कायदा पास करून घ्यावा लागे, म्हणजे "वर्षभर नवराबायको राहू, मग सोडचिठ्ठी घेऊ" हा करार रीजन्सीत बसतच नाही. आणि दत्तक किंवा लग्नाबाहेरच्या मुलाला ड्यूकची, म्हणजे सगळ्यात वरच्या सरदाराची, पदवी वारशाने मिळत नाही. या चुका मी बारीकसारीक धरत नाही, कारण अख्खा अडथळाच त्यांच्यावर उभा असतो, तो खोटा ठरला की खालची जमीनच जाते. खऱ्या इंग्लंडात ड्यूक मोजकेच होते आणि पुस्तकांत गल्लोगल्ली तरणेबांड ड्यूक फिरतात, ते मात्र मी चालवून घेते, तो या प्रकाराचा संकेत आहे, आपल्या संगीत नाटकात माणूस मध्येच पद म्हणायला लागतो तसा.

सोयीचं लग्न, म्हणजे मॅरेज ऑफ कन्व्हीनियन्स, इथे मराठी वाचकाने जरा जपून राहावं. पाहण्याचे कार्यक्रम, ठरवून झालेली लग्नं आपण घरात बघितलेली असतात, त्यामुळे "लग्न झालंय ना, होईल हळूहळू प्रेम" असं आपणच मनात भरून टाकतो आणि लेखिकेने न केलेलं कामही तिच्या खात्यात जमा करतो. ते प्रेम पानावर होताना दिसलं का, कुठल्या प्रसंगात, हे बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

कंटेम्पररीत, म्हणजे आजच्या काळातल्या कथांत, कायदा आड येत नाही, घराण्याची अब्रू फारशी नाही, फोन आहे. म्हणून तिथे माझी कसोटी कडक, दोघं दहा मिनिटं नीट बोलले असते तर हे पुस्तक तिथेच संपलं असतं का? गैरसमजावर तीनशे पानं ओढलेली मला सहन होत नाहीत, पण का बोलता येत नाही हे माणसाच्या स्वभावातून पटवलं तर तोच गैरसमज काळीज पिळवटून टाकतो. फेक डेटिंग (प्रेमाचं नाटक करता करता खरंच प्रेम), एनिमीज टू लव्हर्स (आधी वैर, मग प्रेम) हे ट्रोप, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारे कथेचे साचे आहेत, ट्रोप जुना आहे म्हणून कधीच मार्क कापू नका, आमटी रोज तीच असते पण हात वेगळा असतो.

रोमँटिक सस्पेन्सला सोपी टेस्ट, दोन्ही बाजूंनी कापून बघा. खून काढला तर प्रेमकथा उरते का आणि प्रेम काढलं तर तपास थांबतो का. दोन्ही धागे एकमेकांत गुंतलेले हवेत, जिवावर बेतलेलं असताना कुणावर विश्वास ठेवायचा हाच तिथला प्रेमाचा प्रश्न असतो.

पॅरानॉर्मल (भुतंखेतं, व्हॅम्पायर वगैरे असलेल्या) आणि रोमँटसीत (जादुई दुनियेतल्या प्रेमकथांत) "नशिबानेच जोडलेले" जोडीदार फार असतात आणि मला तिथेच खरी परीक्षा दिसते. वास आला, खूण उमटली, ठरलं, मग निवड कुठे राहिली? चांगली लेखिका त्या नशिबालाच अडथळा बनवते, "हे बंधन नसतं तरी तू माझ्याकडे आला असतास का" हा प्रश्न पात्राच्या तोंडी येतो आणि त्याचं उत्तर कृतीतून मिळतं. जादूचे नियमही आधी सांगितलेले हवेत, शेवटच्या दहा पानांत नवी शक्ती काढून सोडवलेला पेच म्हणजे मृत्युपत्राचीच दुसरी आवृत्ती.

शरीरसंबंधाचे प्रसंग कमी की जास्त याला मार्क नाहीत. दार बंद असो वा उघडं, त्या प्रसंगानंतर दोघांमध्ये काही बदललं का हे बघा, प्रसंग पूर्ण उडवला आणि पुढचं पान जसंच्या तसं वाचता आलं तर तो भरतीचा आहे. १९७० च्या दशकातल्या अमेरिकन हिस्टॉरिकलमध्ये हिरोनेच जबरदस्ती केलेली बऱ्याचदा सापडेल. त्या काळाचा संदर्भ समजून घ्या, पण ते प्रेम म्हणून गळी उतरवून घेऊ नका, त्या जागी मी मार्क कापते आणि का कापले ते लिहिते.

माझी वाटणी वीस मार्कांची. अडथळा खरा आहे का याला पाच, दोन माणसं दोघंही पूर्ण उभी राहिली का याला पाच (हिरो देखणा आणि बाकी रिकामा असं फार होतं), बदल आणि उमज याला पाच, सबजॉनरने दिलेलं वचन पाळलं का याला तीन, भाषेला दोन. भाषेला कमी का असं आमच्या वाचनगटात नेहमी विचारतात. रोमान्समध्ये साधी भाषा पुष्कळदा मुद्दाम निवडलेली असते, आणि भाषेला जास्त वजन दिलं की कॅटेगरी रोमान्स, म्हणजे मिल्स अँड बूनसारखं छोटं, ठरावीक लाइनमधलं पुस्तक, न वाचताच हरतं.

नवीन सबजॉनर असेल तर निदान तीन पुस्तकं वाचल्याशिवाय एकालाही मार्क देऊ नका, संकेत कुठला आणि लेखिकेची चूक कुठली हे पहिल्या पुस्तकात कळत नाही. आणि पुस्तक संपल्या संपल्या आकडा लिहू नका, तेव्हा डोळे ओले असतात. आठवडाभर जाऊ द्या, मग फक्त पेन्सिलची खूण केलेलं ते उमजेचं प्रकरण काढून वाचा आणि सुरुवातीला लिहिलेलं वाक्य शेजारी ठेवा. त्या वाक्याचं उत्तर त्या प्रकरणात मिळत असेल तर मार्क टाका.