एन्ट्रन्ससाठी इंग्लिश शब्द पाठ करताय? या चुका टाळा

दहावीपर्यंत मराठी मीडियम आणि पीयूसीला (अकरावी-बारावीला) एकदम सगळं इंग्लिश, आपल्या खानापूर-निपाणीकडच्या बऱ्याच पोरांचं असंच होतं, माझंही झालं. मग एनडीए (सैन्यात अधिकारी व्हायला), क्लॅट (लॉला), सीयूईटी (केंद्रीय विद्यापीठांत डिग्रीला) असला एन्ट्रन्सचा फॉर्म भरला की पहिलं काम काय, तर शब्दांची मोठी पीडीएफ काढायची आणि रोज पन्नास शब्द घोकायचे. नका करू हे.

घोकताना एका शब्दाला एकच मराठी अर्थ चिकटतो. सँक्शन बघा की. आपल्याकडे लोन सँक्शन होतं, म्हणजे मंजुरी, एवढंच डोक्यात बसलेलं, मग पॅसेजमध्ये एका देशाने दुसऱ्यावर सँक्शन्स लावले असं आलं की पोरं घाईत मंजुरीवरच टिक करतात, आणि तिथं अर्थ असतो निर्बंध, एकदम उलटा! टेंडरचंही तेच, रस्त्याचं टेंडर सगळ्यांना माहीत, पण टेंडर म्हणजे कोवळं, हळवं पण होतं, आणि राजीनामा टेंडर करणं म्हणजे तो देणं.

खरं तर वाक्यावरून अर्थ ओळखायची नजर आपल्याला आधीच आहे. बसमधून बेळगावला येताना 'अवसरवे अपघातक्के कारण' हा कन्नड बोर्ड किती वेळा वाचलाय, मराठीत अवसर म्हणजे संधी, पण संधीमुळे अपघात होतो असं कुणी वाचत नाही, कन्नडमध्ये अवसर म्हणजे घाई हे शेजारच्या शब्दांवरून लगेच कळतं. इंग्लिश वाचताना पण असंच करायचं. म्हणून वहीत नुसता अर्थ नको, शब्द जिथं भेटला ते अख्खं वाक्य उतरवा.

दुसरी चूक म्हणजे शब्दाची छटा सोडून देणं. फ्रुगल आणि मायझरली, दोन्हीपुढे 'कमी खर्च करणारा' लिहिलं की ऑप्शनमध्ये गोंधळ ठरलेला. फ्रुगल म्हणजे काटकसरी, मायझरली म्हणजे कंजूष. आपल्या आईला काटकसरी म्हटलं तर कौतुक, कंजूष म्हटलं तर भांडण, हा फरक मराठीत आपल्याला पक्का कळतो, तोच वहीत लिहा.

परीक्षा न बघता तयारी करू नका. एनडीएच्या जीएटी (जनरल अ‍ॅबिलिटी टेस्ट) या पेपरात 600 पैकी 200 मार्क इंग्लिशचे, तिथं समानार्थी-विरुद्धार्थी थेट येतात आणि चुकलं की त्या प्रश्नाच्या मार्कांचा एक तृतीयांश कापतात. क्लॅटमध्ये साधारण 450 शब्दांचे पॅसेज असतात, तिथं रोज एक अग्रलेख वाचलेला जास्त कामाला येतो. पण वाचताना दर शब्दाला मोबाईल काढू नका, खाली रेघ मारा, पॅरा संपवा, अंदाज लावा, मगच डिक्शनरी.

शब्द बघितल्यावर ओळखता पण वेळेला आठवत नाही? मग तुम्ही नुसते वाचताय. अर्थावर हात ठेवून स्वतःला विचारा, दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी.

आणि इंजीनियस (कल्पक) आणि इंजेन्युअस (भोळा) असल्या दिसायला सारख्या जोड्या एकाच दिवशी घेऊ नका, आठवड्याने दोन्ही उलटसुलट होतात. आधी एक पक्का करा, दुसरा पुढच्या आठवड्यात.