फुली मारली तरी आकडा दिसतोच

रुग्णांच्या नोंदींवर काम करायचं तर विद्यापीठाच्या सुरक्षित सर्व्हरवरच. आत इंटरनेट नाही, पेन ड्राइव्ह नाही, कॉपी केलेलं बाहेर पेस्ट होत नाही. बाहेर न्यायचा प्रत्येक तक्ता आधी तपासला जातो, त्यातून एखादा रुग्ण ओळखू येऊ नये म्हणून.

माझा तक्ता पहिल्यांदा परत आला, कारण एका चौकटीत ३ रुग्ण होते. आमच्याकडे १० पेक्षा लहान आकडा बाहेर जात नाही. मी ३ च्या जागी फुली मारून पुन्हा पाठवला. पुन्हा परत! जाम वैतागलो. मग शेरा नीट वाचला. ओळीची बेरीज १२०, शेजारच्या चौकटी ७१ आणि ४६. वजाबाकी केली की ३ हजर. डोक्यावर हात मारला.

त्याच ओळीतली आणखी एक चौकट झाकून पाहिली, पण उभ्या बेरजेतून दोन्ही निघत होते. अशा फुल्या मारत बसलो तर तक्त्यात उरणार काय? शेवटी ८०–८४ आणि ८५ च्या पुढचे असे दोन वयोगट एकत्र केले. ४६ आणि ३ मिळून ४९ झाले, प्रश्न मिटला. बारकावा थोडा गेला, पण ३ जणांवरून निष्कर्ष तरी कुठे काढणार होतो?

पाठवण्याआधी दोन गोष्टी आणखी पाहिल्या. कमाल-किमान मूल्यांचा रकाना काढून टाकला, कारण ‘कमाल’ म्हणजे बहुतेकदा एकाच माणसाची नोंद. आणि आधी मंजूर झालेले तक्ते नव्याशेजारी ठेवून वजाबाकी करून बघितली, दोघांच्या फरकातून लहान आकडा निघत नाही ना म्हणून.

तिसऱ्या खेपेला तक्ता सुटला.