नऊवारीची दुपटी, पंच्याचे लंगोट: बाळाची तयारी घरच्या कपाटातून

सातवा महिना लागला की घरात खरेदीची यादी सुरू होते. झबली, टोपडी, हातमोजे, पायमोजे, बाळाची छोटी गादी, तिच्यावर छोटी उशी, वाइप्सची पाकिटं, डायपरचा मोठा पुडा, पावडर-तेल-साबणाचा डबा. मी चिपळूणला गेली कित्येक वर्षं शिवणकाम करते. माहेरी बाळंतपणाला आलेल्या मुली आणि त्यांच्या आया कापड घेऊन माझ्याकडे येतात, तेव्हा मी आधी ती यादी मागून घेते. त्यातल्या निम्म्याहून जास्त वस्तू एकतर घरातच असतात, नाहीतर बाळाला लागतच नाहीत.

पैसे सगळ्यात जास्त जातात ते डायपरवर. तान्हं बाळ दिवसाला आठ-दहा वेळा तरी ओलं करतं. एक डायपर आठ-दहा रुपयांना धरला तरी महिन्याचे दोन-तीन हजार तिथेच गेले. म्हणून सुरुवात लंगोटापासून करू.

लंगोटाला वापरून मऊ झालेलं सुती कापड हवं. नव्या कापडाला खळ असते आणि ते पाणी शोषत नाही. आजोबांची धोतरं, घरातले जुने पंचे, सुती चादरी, सगळं बाहेर काढा. कापड सुतीच आहे ना याची खात्री नसेल तर त्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. सुती असेल तर थेंब लगेच पसरतो, पॉलिस्टर मिसळलेलं असेल तर बहुतेक वेळा मण्यासारखा वर थांबतो. असं मिसळीचं कापड बाळाच्या अंगाला लावू नका.

एका पंच्यातून चोवीस इंची दोन चौकोन निघतात. चौकोन कोपऱ्यातून कोपऱ्यावर दुमडला की दुहेरी त्रिकोण झाला, हाच लंगोट. दोन टोकं कमरेवरून पुढे आणायची, तिसरं पायांमधून वर घ्यायचं आणि सैल गाठ मारायची. पिन वापरू नका. पंच्याची जी पट्टी उरते तिची चार पदरी घडी करून लंगोटाच्या आत मधोमध ठेवा. तिथे जुन्या टर्किश टॉवेलचा तुकडा ठेवला तर आणखी बरं, रात्रीचा एखादा बदल वाचतो. उन्हाळ्या-हिवाळ्यात दोन डझन लंगोट पुरतात. आमच्यासारख्या पावसाच्या मुलखात जून ते सप्टेंबरमध्ये बाळंतपण असेल तर तीन डझन शिवून ठेवा.

दुपट्यांना आजीच्या नऊवारीसारखं कापड नाही. आधी साडी उजेडासमोर धरा. जिथे कापड विरलंय तिथून उजेड जास्त येतो, तिथे खडूने खूण करा. काठ पहिल्यांदा कापून टाका, कारण जर आणि जाड काठ दोन्ही नाजूक कातडीला टोचतात. नऊ वारांतलं सहा वार तरी धड निघतं. त्याचे वार-वार लांबीचे सहा तुकडे करा. दोन-दोन तुकडे एकावर एक ठेवून कडेने शिवलेत तर तीन जाड दुपटी होतात, तसेच ठेवलेत तर सहा पातळ. विरलेला भागही टाकू नका, त्याचे आठ-आठ इंची चौकोन कापा. साठेक रुमाल सहज निघतील. ते कशाला, ते पुढे सांगते.

शिवताना एका गोष्टीची मी फार काळजी घेते, तुम्हीही घ्या. झबल्याची शिवण बाहेरच्या बाजूला ठेवायची, म्हणजे बाळाच्या अंगाला धागा लागत नाही. सुटे धागे तर आतून-बाहेरून तपासून मुळाशी कापायचे. लांब सुटा धागा किंवा आईचा गळलेला केस बाळाच्या पायाच्या बोटाभोवती गुंडाळला जातो, आवळतो आणि बोट सुजतं. बाळ रडत राहतं, आपण पोट दुखतंय समजून बसतो. म्हणून हातमोजे-पायमोजे मी शिवूनच देत नाही, आत धागा असला तर बाहेरून दिसत नाही. नखं लागतात म्हणून हातमोजे घालतात, त्यापेक्षा बाळ झोपलेलं असताना नखं कापा. आणि कारण नसताना बाळ फारच रडू लागलं तर हातापायांची बोटं एकेक करून बघा. झबल्याला नाड्या लावायच्या त्या बाजूला आणि आखूड, गळ्याशी नाडी नको.

ट्रंकेतून काढलेल्या कपड्यांना डांबरगोळ्यांचा वास येत असेल तर ते तसेच बाळाला घालू नका. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एक दोष असतो. त्या बाळांच्या रक्तपेशी डांबरगोळीच्या वाफेनेसुद्धा फुटतात आणि जोराची कावीळ होते. आपल्या बाळाला तो दोष आहे की नाही हे वरून कळत नाही. म्हणून कपडे दोनदा धुवायचे, कडक उन्हात घालायचे आणि वास पूर्ण गेल्याशिवाय हातात घ्यायचे नाहीत. पुढे ठेवणीतल्या बाळकपड्यांत डांबरगोळी टाकूच नका, कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला.

आता ते रुमाल. विकतच्या वाइप्सऐवजी हेच वापरायचे. बाळाशेजारी एका स्टीलच्या डब्यात कोरडे रुमाल आणि थर्मासमध्ये उकळून कोमट झालेलं पाणी ठेवा. रुमाल भिजवा, पिळा, पुसा आणि बादलीत टाका. मुलगी असेल तर पुसायचं ते नेहमी पुढून मागे. मग कातडी नुसत्या कोरड्या रुमालाने टिपून घ्या आणि खोबरेल तेलाचं बोट फिरवा. ओला लंगोट लगेच बदलत गेलात तर लाली सहसा येत नाही. टाल्कम पावडर यादीतून काढूनच टाका, ती बाळाच्या श्वासातून छातीत जाते.

धुण्याची रीत बिघडली की कापडी लंगोट नकोसे होतात. शी लागलेला लंगोट आधी गार पाण्याच्या धारेखाली धुवायचा, गरम पाण्याने डाग पक्का होतो. मग साध्या साबणात भिजवून चोळायचा आणि फेस येणं थांबेपर्यंत खळबळायचा. साबण राहिला तर कातडी लाल होते. सुवासिक कंडिशनर टाकू नका, त्याने कापड पाणी शोषेनासं होतं. जंतुनाशकाचं झाकणही रोज ओतायचं नाही. त्याऐवजी मधूनमधून जुन्या पातेल्यात लंगोट दहा मिनिटं खळखळून उकळा आणि उन्हात वाळवा.

पावसाळ्यात ऊन कुठून आणायचं? आमच्याकडे आषाढात टॉवेल तीन दिवस वाळत नाही. मशीनच्या ड्रायरमध्ये फिरवून घ्या, नाहीतर कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून पिळा. मग स्वयंपाकघरात, पण गॅसपासून लांब, पंख्याखाली दोरी बांधून एकेरी पसरा. घडीवर घडी टाकू नका. शेवटी दोन्ही बाजूंनी गरम इस्त्री. इस्त्रीनंतर लंगोट लगेच बांधायचा नाही. तो निवला की ओठाला लावून बघा, ओल राहिली असेल तर तिथे गारवा लागतो. हाताला ती कळत नाही, ओठाला कळते. जुनी माणसं शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर बाळोती वाळवायची. खोलीची दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटवणं जीवघेणं आहे, तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वासही नसतो. बाळ-बाळंतिणीच्या खोलीत शेगडी नको, धुरीही नको.

रात्री आणि दवाखान्यात जाताना डायपर लावायला माझी हरकत नाही. आईला चार तास झोप मिळत असेल तर तो खर्च वाया गेला असं मी म्हणणार नाही. पण दिवसा लंगोट आणि रात्री एक-दोन डायपर असं ठेवलंत तरी महिन्याचा खर्च एका पुड्यावर येतो.

अंथरुणाचा खर्च जवळजवळ शून्य आहे. घरची सुती, घट्ट गोधडी चौपदरी घाला, त्यावर वारभर रबरी कापड नीट खोचून अंथरा आणि वर दुपटं. रबरी कापड मात्र विकत घ्या. त्याच्या जागी पिशवीचं पातळ प्लास्टिक घालू नका, ते बाळाच्या तोंडावर येऊ शकतं. बाळाला उताणं झोपवायचं. उशी नको, लोड नको, बाजूला मऊ खेळणी नकोत. मोहरीची उशी शिवून द्या म्हणून अजून बायका येतात, मी त्यांना परत पाठवते. डोकं गोल राहावं म्हणून बाळाची मान आज या बाजूला, उद्या त्या बाजूला वळवा, आणि बाळ जागं असताना समोर बसून थोडा वेळ पालथं घाला. साडीच्या झोळीत तान्ह्याला झोपवू नका, हनुवटी छातीला टेकून श्वास कोंडतो. आणि दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ करून आवळू नका. खुब्याचे सांधे नीट बसायला पाय बेडकासारखे वाकलेले आणि मोकळे हवेत. मच्छरदाणी घरचीच मोठी लावा, आई-बाळ दोघंही आत. डासांची कॉइल नको.

आंघोळीला वेगळा टब लागत नाही. जन्मानंतर पहिले चोवीस तास आंघोळ घालायचीच नाही. अडीच किलोच्या आतलं बाळ असेल तर कधी घालायची ते डॉक्टरांना विचारा. नाळ पडेपर्यंत ओल्या रुमालाने अंग पुसलं तरी पुरतं. नाळेला तेल, हळद, राख काही लावायचं नाही, कोरडी ठेवायची. पुढे नेहमीचं घंगाळ घ्या. त्यात आधी गार पाणी, मग गरम, आणि कोपर बुडवून बघा. कोपराला ते गारही लागू नये, गरमही. डाळीचं पीठ आणि साय चोळायची नाही. तेल नाकाकानात घालायचं नाही, टाळूवर ओतून दाबायचंही नाही. घरी पाडलेलं काजळसुद्धा नको.

दुधावर तर काहीच खर्च नाही. सहा महिने फक्त आईचं दूध. पाणी नाही, गुटी नाही, मध तर वर्षाच्या आत चाटवायचाच नाही. पाजताना मांडीवर घरची उशी आणि तिच्यावर घडी केलेली चादर घेतली की विकतच्या पाजायच्या उशीचं काम होतं. गाऊन नवे घेऊ नका, नवऱ्याचे जुने सुती शर्ट घाला, पुढून बटणं असतात. दूध झिरपतं तिथे पंच्याचे गोल तुकडे चार पदरी शिवून आत ठेवा. बाळ ओढत नसेल तर काढलेलं दूध वाटी-चमच्याने पाजा. वाटी-चमचा स्टीलचा, झाकण ठेवून दहा मिनिटं उकळलेला. बाटली आत-बाहेरून नीट साफ करणं फार कठीण. आपल्या देशात बाळाच्या दुधाच्या पावडरीच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातीवर 1992 च्या कायद्याने बंदी आहे, तेव्हा दुकानदार भरीला घालत असेल तर त्याचं ऐकू नका. डॉक्टरांनीच पावडरचं दूध सांगितलं असेल तर डब्यावर लिहिलेल्या मापानेच करा. डबा जास्त दिवस पुरावा म्हणून पाणी वाढवू नका, त्याने बाळ उपाशी राहतं.

जे वाचतं त्यातून पहिल्यांदा डिजिटल थर्मामीटर घ्या, दीडदोनशे रुपयांत मिळतो. ताप 37.5 सेल्सियसच्या वर गेला, बाळ ओढेनासं झालं, तळपाय गार पडले, तळहात-तळपाय पिवळे दिसले, की उन्हात धरत बसू नका, तडक दवाखाना गाठा. सरकारी दवाखान्यात बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस बीच्या जन्मतः द्यायच्या लसी फुकट मिळतात. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम 2011 पासून आहे, त्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, आजारी बाळावरचे उपचार आणि नेण्या-आणण्याची गाडी यांचे पैसे पडत नाहीत. पहिलटकरीण असेल तर प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेचे 5000 रुपये मिळतात, दुसऱ्या वेळी मुलगी झाली तर 6000. अटी आणि कागद आशाताईंना विचारा, त्या अर्जही भरून घेतात. हे पैसे आले की आईसाठी अंडी, डाळी, दूध, पालेभाजी आणा.

राहिलं बारसं. येणारा प्रत्येक जण अगदी तान्ह्या मापाचा झगा आणतो आणि दीड महिन्यात तो बाळाला होत नाही. जवळच्यांना आधीच मोकळेपणाने सांगा. मामीला म्हणावं, सहा महिन्यांच्या पुढच्या मापाचं आण. आत्याला म्हणावं, रबरी कापड आण. शेजारच्या काकूंच्या घरी मोठं झालेलं बाळ असेल तर त्याची मऊ पडलेली झबली मागून घ्या, धुऊन, उन्हात घालून वापरा. काकू मनापासून देतील.