परकीय चलन घेताय? या चुका टाळा

भाची शिकायला अमेरिकेला निघाली तेव्हा ताईनं पेपरातला डॉलरचा भाव वहीत टिपला आणि आम्ही बडोद्यातल्या अलकापुरीत डॉलरच्या नोटा घ्यायला गेलो. काउंटरवरचा आकडा ऐकून ताई तडकली, "अहो, पेपरात तर कमी आहे!"

पहिली चूक तीच. पेपरातला भाव बँकांच्या आपापसातल्या मोठ्या व्यवहारांचा असतो. आपल्याला नोटा मिळतात त्या भावात त्या आणण्या-सांभाळण्याचा खर्च आणि दुकानाचा नफा धरलेला असतो. बँकेतून परस्पर पाठवलेले डॉलर बहुधा नोटांपेक्षा स्वस्त पडतात, म्हणून कॉलेजची फी कधीही रोखीनं नेऊ नका.

दुसरी चूक पाटी वाचण्यातली. 'खरेदी' आणि 'विक्री' दुकानदाराच्या बाजूनं लिहिलेलं असतं. समजा खरेदी 83.40 आणि विक्री 86.20 आहे. तुम्ही 1,000 डॉलर घेतले आणि बेत रद्द होऊन त्याच दिवशी परत केले, तर 2,800 रुपये गेले. बडोद्याला हा बट्टा, म्हणजे अदलाबदलीतला तोटा, नवा नाही. संस्थानाचं स्वतःचं बाबाशाही नाणं होतं, आणि इंग्रज सरकारच्या कलदार रुपयाशी बदलताना बट्टा द्यावाच लागे.

'कमिशन शून्य' वाचून हुरळून जाऊ नका, कमाई भावातच असते. वर जीएसटी असतो: एक लाखापर्यंतच्या रकमेच्या 1 टक्का (किमान 250 रुपये) हे मूल्य धरून त्यावर 18 टक्के. वरच्या 86,200 रुपयांवर तो साधारण 155 रुपये होतो. म्हणून एकच विचारा, "सगळं धरून किती रुपये द्यायचे?" त्याला डॉलरनं भागा, मग दोन दुकानांची तुलना करा.

भाव उतरेल म्हणून फीच्या शेवटच्या तारखेपर्यंत थांबणं मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. 1993 पासून रुपयाचा भाव बाजारातल्या मागणी-पुरवठ्यावर ठरतो. तेलाची आयात, परदेशी गुंतवणूक, अमेरिकेतले व्याजदर, सगळं त्यात येतं. फार चढउतार झाले तर रिझर्व्ह बँक डॉलर विकते किंवा घेते, पण ती आपल्या तारखा बघून नाही. ताईनं निम्मी फी लगेच भरली, उरलेली तीन आठवड्यांनी.

आणि तिकडे कार्ड मशीननं "रुपयांत की डॉलरमध्ये?" विचारलं, तर डॉलरच निवडा. रुपये निवडले की भाव तिकडची कंपनी लावते, आणि तो बहुतेक वेळा महागच पडतो.