नवख्या पळणाऱ्यांसाठी ॲप बनवताय? मग आधी त्याला हळू पळवायला शिकवा

सकाळी साडेपाचला नाशिकच्या गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर जाऊन बघा, पहिल्यांदाच पळायला आलेली माणसं लगेच ओळखू येतात. बूट नवे, सुरुवात एकदम सुसाट, आणि अर्ध्या चकरेतच कमरेवर हात ठेवून उभी. माझ्या वहिनीचं अगदी हेच झालं. तिने घेतलेलं ॲप पहिल्याच दिवशी पेस (एका किलोमीटरला किती मिनिटं लागतात ते), कॅलरी, आलेख सगळं दाखवायला लागलं आणि बोलायचं ते पण इंग्रजीत, तिसऱ्या दिवशी तिची नडगी ठणकायला लागली आणि बूट कपाटात गेले ते गेलेच. तेव्हापासून माझं ठाम मत आहे की नवख्यांच्या ॲपने दोनच गोष्टी करायच्या, माणसाला हळू पळवायचं आणि परवा परत मैदानावर आणायचं.

म्हणून कोड लिहायच्या आधी प्लॅन ठरवा. जॉश क्लार्कने १९९६ मध्ये काढलेला काउच टू फाइव्ह-के (सोफ्यावरून उठून थेट पाच किलोमीटरपर्यंत) हा प्लॅन ९ आठवड्यांचा आहे, आठवड्यातून ३ दिवस, आणि पहिल्या आठवड्यात ५ मिनिटं भरभर चालून मग ६० सेकंद पळायचं, ९० सेकंद चालायचं, असं २० मिनिटं. त्याचा तक्ता जसाच्या तसा उचलू नका, पण चालणं हा व्यायामाचाच भाग आहे ही त्यातली गोष्ट नक्की घ्या. प्रत्येक सत्र डेटा म्हणून वेगळ्या फाइलमध्ये ठेवा (पळा ६०, चाला ९०, ८ वेळा), म्हणजे उद्या बदल करायचा तर सगळं ॲप उघडून बसावं लागणार नाही. आणि ‘हा आठवडा परत करू’ असं बटण मोठं, ठळक द्या. तापाने किंवा लग्नसराईत चार दिवस गेले तर ॲपने लाल फुली मारायची नाही. बीपी, शुगर किंवा छातीत दुखण्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, हे पहिल्याच स्क्रीनवर हवंच.

पळताना स्क्रीन कोणी बघत नाही, सगळं काम आवाजाचं आहे. मशीनच्या आवाजापेक्षा घरातल्या कुणाच्या तरी आवाजात तीसेक वाक्यं रेकॉर्ड करा, ‘आता चाला’, ‘पळा, पण शेजारच्याशी बोलता येईल इतकंच’, ‘शेवटची एकच फेरी राहिली’. गाणी चालू असतील तर ती बंद न करता सूचनेपुरती हळू करायची. पेस मात्र पहिले काही आठवडे दाखवूच नका, किती मिनिटं झाली तेवढं पुरे.

खरी डोकेदुखी पुढे आहे. फ्लटरमध्ये (ॲप बनवायचं गूगलचं साधन) केलंत तर अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीचं काम एका कोडमध्ये होतं, पण स्क्रीन बंद झाली की साधा टायमर अडकतो, मग ९० सेकंदांचे दोन-अडीच मिनिटं होतात आणि माणूस चालतच राहतो. त्यामुळे सेकंद मोजत बसू नका, सुरुवातीची वेळ साठवा आणि दर वेळी आत्ताच्या वेळेतून ती वजा करा. अँड्रॉइडवर लोकेशन प्रकारची फोरग्राउंड सर्व्हिस (स्क्रीन बंद असतानाही नोटिफिकेशन दाखवून चालू राहणारं काम) लावा, ती ॲप उघडं असतानाच सुरू केली तर ‘कायम लोकेशन’ची परवानगी मागावी लागत नाही आणि लोकही घाबरत नाहीत. काही फोन बॅटरी वाचवायला ॲपच मारून टाकतात, त्याची सेटिंग कशी बदलायची ते चित्रांसकट मराठीत दाखवा.

अंतर मोजायला हॅवरसाइन सूत्र (अक्षांश-रेखांशांवरून दोन बिंदूंमधलं अंतर काढणारं) पुरतं, पण झाडांखाली आणि उंच बिल्डिंगींमध्ये जीपीएस भरकटतं, उभ्या माणसालाही पन्नास मीटर पळवून टाकतं. म्हणून अचूकता २० मीटरपेक्षा वाईट असलेले बिंदू टाकून द्या, आणि एका सेकंदात १२ मीटरच्या वर उडी दिसली तर तीही टाका, कारण तो वेग जगातल्या सगळ्यात वेगवान धावपटूंचा असतो. मग ४०० मीटरच्या मापाच्या ट्रॅकवर सगळ्यात आतल्या लेनमधून ५ फेऱ्या मारा आणि २ किलोमीटरला किती जवळ येतंय ते बघा. गोदापार्कलाही एकदा जा, कॉलेज रोडलाही जा, दोन्हीकडे फरक पडतो.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पळायचा रस्ता म्हणजे घराचा पत्ता आणि रोजची वेळ, पहाटे एकटी पळणारी बाई असेल तर ही माहिती कुणाच्या हाती लागणं धोक्याचंच. सगळं फोनमध्येच एसक्यूलाइटमध्ये (फोनमधल्याच एका फाइलीत राहणारा छोटा डेटाबेस) ठेवा, लॉगिन मागूच नका, आणि शेअर करायचंच असेल तर नुसती मिनिटं जाऊ द्या, नकाशा नको.

प्ले स्टोअरला नवीन वैयक्तिक खातं असेल तर ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी १२ टेस्टर, म्हणजे ॲप वापरून बघणारी माणसं, सलग १४ दिवस लागतात. ते ऑफिसातल्या मित्रांमधून भरू नका, ट्रॅकवर जा, कधीच न पळलेली बारा माणसं शोधा, आई, काकू, रिटायर झालेले शेजारी, आणि पहिल्या दिवशी त्यांच्यासोबत स्वतः चाला. कुठे फोन खिशातून काढून बघावा लागतोय तेवढं वहीत लिहून घ्या, तिथली आवाजातली सूचना कमी पडतेय.