ब्रेशेल्लोचा अभ्यास पूरबांधावरून सुरू करावा

उत्तर इटलीतील ब्रेशेल्लो या नदीकाठच्या छोट्या गावाचा इतिहास-भूगोल समजून घ्यायचा असेल, तर सनावळ्यांकडे वळण्याआधी नकाशा उघडावा आणि पाणी कोठून येते ते पाहावे. गावाच्या उत्तरेला पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारी पो नदी आहे आणि तिच्या पलीकडे लोंबार्दिया प्रांतातील विआदाना हे गाव. आपेनाइन पर्वतातून उतरणारी एन्झा नदी गावाजवळच पोला मिळते. पोला पूर आला की अशा उपनदीला संगमापाशी फुगवटा येतो. ही एक गोष्ट नीट उमगली की गावाभोवतीच्या बांधांची रचना आपोआप उलगडते.

मग पूरबांधावर उभे राहावे. एका बाजूला नदी आणि बांध यांच्यामधली पुराला मोकळी सोडलेली जमीन, जिला इटालियनमध्ये ‘गोलेना’ म्हणतात. दुसऱ्या बाजूला बांधाच्या माथ्यापेक्षा खालच्या पातळीवर वसलेली घरे. माझ्या मते या गावाचा सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज हा बांधच आहे.

इतिहासाकडे यानंतर वळावे. रोमन काळात याचे नाव ब्रिक्सेल्लुम होते. इ. स. ६९ मध्ये सम्राट ओथो येथे थांबला असताना त्याचे सैन्य पोच्या उत्तरेस बेद्रियाकुमजवळ त्याचा प्रतिस्पर्धी विटेलियस याच्या फौजांकडून हरले आणि ओथोने येथेच स्वतःचा अंत केला. तो येथे का थांबला असेल, हे पुन्हा नकाशाच सांगतो: रणभूमी आणि ओथो यांच्यामध्ये पोचे पात्र होते. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क याने पुढे त्याची साधीशी कबर प्रत्यक्ष पाहिली आणि तसे लिहूनही ठेवले. विसाव्या शतकातील चित्रपटांमुळे गावातला चौक प्रसिद्ध झाला. पर्यटक बहुधा तेवढेच पाहून परततात, याचे वाईट वाटते.

शेवटी एक दक्षता घ्यावी. इटलीतील ‘कोमूने’ (स्थानिक प्रशासनाचा घटक) म्हणजे केवळ मुख्य गाव नव्हे. आसपासच्या वाड्याही तिच्यात मोडतात, आणि त्यांपैकी लेंतिजोने येथे १२ डिसेंबर २०१७ रोजी एन्झाचा बांध फुटून पाणी घराघरांत शिरले. म्हणून आपल्या नकाशावर एन्झाची रेघही पोइतकीच ठळक ओढावी.