तळटीप नंबर १४ : एमएच्या रिसर्च पेपरमध्ये मी जिथे अडकले

रिसर्च पेपर कसा करायचा म्हणून बडोद्यातल्या तीन-चार ज्युनिअर्सनी मला विचारलंय, तर एकदाच नीट लिहून टाकते. विषय कसा निवडायचा, प्रस्तावनेत काय असतं, हे वर्गात सांगतातच, त्यात मी शिरत नाही. मला ज्या एका गोष्टीने रडवलं तेवढीच सांगते.

माझा विषय होता बडोदे संस्थानातलं सक्तीचं प्राथमिक शिक्षण. बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढलेल्या मुलीला हा विषय घरचाच, आजोबा जेवताना सयाजीराव महाराजांच्या गोष्टी सांगायचे, त्यामुळे आपल्याला सगळं माहितीच आहे असं मी धरून चालले आणि तिथेच घात झाला. एका लेखात वाक्य सापडलं की संस्थानात १८९३ पासून शिक्षण सक्तीचं झालं, खाली संस्थानाच्या वार्षिक प्रशासन अहवालाची तळटीप, पान नंबरसकट. मी वाक्य माझ्या शब्दांत लिहिलं आणि तळटीप जशीच्या तशी उचलली. अहवाल उघडूनसुद्धा पाहिला नव्हता. वर त्यावर अख्खा युक्तिवाद उभा केला, १९०१ च्या जनगणनेतले साक्षरतेचे आकडे घेतले आणि लिहिलं की आठ वर्षांच्या सक्तीचा हा परिणाम.

माझ्या गाइड मॅडमनी ड्राफ्ट वाचता वाचता पेन्सिल चौदाव्या तळटिपेवर टेकवली. "हे तू पाहिलंस?" मी म्हटलं हो मॅडम, लेखात आहे. "लेखाचं नाही विचारत गं, अहवाल पाहिलास का?" मी गप्प. "मग पाहिलाय असं का लिहिलंस?" आवाज जराही चढला नव्हता, पण मला घरी जाईपर्यंत दुसरं काही सुचलं नाही.

अहवाल हाताशी यायला चार दिवस गेले. पानं इतकी ठिसूळ की उलटताना कडेचे कपचे टेबलावर पडत होते. तळटिपेतलं पान काढलं तर तिथे जमीन महसुलाचा तक्ता! म्हणजे लेखवाल्यांनीही ते पान पाहिलं नसणार, त्यांनीही कुठून तरी उचललं असणार. आणि खरी गोष्ट अशी की १८९३ मध्ये सक्ती सुरू झाली ती फक्त अमरेली तालुक्यात, प्रयोग म्हणून. सबंध संस्थानात ती आली १९०६ मध्ये. मधली तेरा वर्षं मी गिळून टाकली होती. १९०१ च्या जनगणनेच्या वेळी बडोदा शहरात सक्ती नव्हतीच, मग आकडे तिचा परिणाम कसे असतील? सहा पानं सरळ काढून टाकावी लागली.

म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगते, कंटाळा आला तरी वाचा. तळटीप म्हणजे "मी हे पाहिलंय" अशी सही असते. मूळ पाहिलं असेल तर मुळाची तळटीप द्या. पाहिलं नसेल, मिळतच नसेल, तर जे पुस्तक किंवा लेख तुमच्या हातात होता त्याची द्या आणि मूळ अहवाल "त्यात उद्धृत" आहे असं लिहा, यात काहीही कमीपणा नाही. मी आता वहीत प्रत्येक नोंदीपुढे "पाहिलं" नाहीतर "ऐकीव" असं लिहिते, आणि पानाचा फोटो काढताना आधी मुखपृष्ठाचा काढते, कारण महिन्याभराने गॅलरीत नुसतं पान दिसतं आणि ते कुठल्या वर्षाच्या अहवालातलं हे आठवत नाही. अहवाल ज्या वर्षाचा असतो त्याच वर्षी छापलेला असतो असंही नाही, दोन्ही वर्षं टिपून ठेवा.

उचललेला मजकूर शोधणारं सॉफ्टवेअर हे पकडत नाही बरं का. माझी सिमिलॅरिटी, म्हणजे दुसऱ्यांच्या लिखाणाशी जुळणारा मजकूर, ७ टक्के आली होती. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत थिसिसला १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, कोर्सच्या पेपरला डिपार्टमेंट काय धरतं ते तिथेच विचारा, पण कमी टक्के म्हणजे पेपर बरोबर असं अजिबात नाही. आणि एआयकडून संदर्भयादी बनवून घेणाऱ्यांना तर हात जोडून सांगते, नका करू, नसलेली पुस्तकं खऱ्यासारखी लिहून देतं ते. माझ्या तळटिपेतला अहवाल निदान जगात होता तरी.

गाइड निवडताना नाव बघू नका, ड्राफ्ट परत देताना पेन्सिलीच्या खुणा कोण करतं ते बघा. "छान आहे, पुढे चला" म्हणणारे सर पहिल्या महिन्यात फार आवडतात, शेवटच्या आठवड्यात रडवतात. सिनिअरच्या पेनड्राइव्हवरचा तयार पेपर "फॉरमॅटसाठी" घेण्याच्याही मी विरुद्ध आहे, फॉरमॅटबरोबर त्याच्या चुकाही येतात. जर्नलमध्ये छापायची घाई असेल तर पैसे भरा आणि तीन दिवसांत छापतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. सिनिअर अजून "केअर लिस्ट बघ", म्हणजे मान्य जर्नल्सची यादी बघ, असं सांगतात, पण यूजीसीने ती यादी २०२५ मध्ये बंद केली, तेव्हा आता संपादक मंडळात कोण आहे, जुने अंक कसे आहेत, हे स्वतःच बघायला लागतं.

घाबरू मात्र नका. सहा पानं गेली तेव्हा मला वाटलं सेमिस्टर गेलं. पण अमरेलीच्या प्रयोगापासून १९०६ पर्यंत महाराज का थांबले, हा प्रश्न त्याच भोकातून वर आला आणि पेपर आधीपेक्षा चांगला झाला. मॅडमच म्हणाल्या, "आता तुझा झाला."

सबमिशनचं एकच. आमची तारीख उत्तरायणानंतर (इथली संक्रांत, पतंगांचा सण) लगेच होती आणि मी धरून चालले होते की १४ ला प्रिंट काढू. त्या दिवशी अख्खं बडोदं गच्चीवर असतं, आमच्या बाजूला एक झेरॉक्सवाला उघडा नव्हता. प्रिंट, स्पायरल आणि गाइडची सही हे तिन्ही १२ तारखेच्या आत उरका.